पान एकशे बारा आणि गरम इंजिन

इतर माणसांना चालत्या गाडीची भीती वाटते, मला बंद केलेल्या गाडीची वाटते. गाडी चालू असली की मी निवांत असतो. म्हणजे माझ्या मानाने. पण कुणी किल्लीकडे हात नेला की माझ्या पोटात खड्डा पडतो आणि ओठ कोरडे होतात.

ही भीती जन्मापासूनची नाही. जन्मापासूनच्या भीतींची माझी यादी वेगळी आहे आणि बरीच लांब आहे. तिच्यात टेलिफोनची घंटा आहे, उभं राहून बोलणं आहे, हात पुसत पुसत "काय केलंत?" असं विचारणारे मेकॅनिक आहेत, आणि सगळ्यात वर, लांबून "जरा इकडे या" अशी हाक मारणारी माणसं आहेत. बंद गाडी या यादीत दाखल झाली ती माझ्या वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, आणि तीही माझ्याच तोंडून निघालेल्या एका वाक्यामुळे.

गाडी आमच्या वाचनालयाची. छोटा, जुना, पेट्रोलवर चालणारा ट्रक. मागे तिन्ही बाजूंना फळ्या आणि फळ्यांवर अकराशे पुस्तकं. आठवड्यातले चार दिवस ती आठ ठिकाणी जाते आणि प्रत्येक ठिकाणी अर्धा तास थांबते. मी त्या वाचनालयाचा निवृत्त ग्रंथपाल. निवृत्त झाल्यावरही जातो, कारण घरी बसून काय करायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही. ट्रक चालवते आमची ही. ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. बत्तीस वर्षं एका खुर्चीत बसून तिने लोकांचे फोन जोडून दिले आणि निवृत्त झाल्याच्या तिसऱ्या दिवशी ट्रक शिकायला गेली. मी शेजारच्या सीटवर बसतो, पुस्तकांच्या चिठ्ठ्या लावतो आणि वळणावर डोळे मिटतो.

आता बिघाड सांगतो. सकाळी थंड इंजिन एका क्षणात सुरू व्हायचं. दिवसभर पळवा, तक्रार नाही. बंद करून लगेच सुरू केलं तरी हरकत नाही. पण गरम इंजिन बंद करून दहा मिनिटं झाली की पुढचा तासभर ते काही केल्या सुरू व्हायचं नाही. सेल्फ मारला की तो फिरायचा, फिरायचा, मग दमून कण्हायला लागायचा आणि इंजिन ढिम्म. तास-दीड तासाने गार झालं, की जणू काही झालंच नव्हतं असं सुरू. आमचा थांबा नेमका अर्ध्या तासाचा. या बिघाडाने आमचं वेळापत्रक वाचूनच स्वतःच्या वेळा ठरवल्या असाव्यात.

वाचनालयाच्या सभेत हा विषय निघाला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "कार्बोरेटरमध्ये कचरा. दुसरं काय असणार?"

मी माझ्या चपलांकडे बघत म्हणालो, "या गाडीला कार्बोरेटर नाही. इंजेक्शनची आहे."

अकरा वर्षांत सभेत मी उच्चारलेलं हे पहिलंच मत. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मला हे ठाऊक होतं ते एवढ्याचसाठी, की गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक आमच्या संग्रहात आहे आणि संग्रहातलं पुस्तक न वाचता ठेवणं मला जमत नाही. याला ज्ञान म्हणत नाहीत. पोहण्यावरची चार पुस्तकंही मी वाचली आहेत आणि बादलीहून खोल पाण्यात कधी उतरलेलो नाही.

"मग झालं तर," अध्यक्ष म्हणाले. "तांत्रिक उपसमिती नेमू. निमंत्रक तुम्ही."

"आणि सदस्य?"

"तेही तुम्हीच. तीन आठवड्यांनी गाडीचं पासिंग आहे. नापास झाली की थेट भंगारात, हा ठराव मागच्या सभेत झालेला आहे. आणि तसं झालंच तर वहिनींनाही जरा आराम मिळेल."

वहिनी, म्हणजे आमची ही, तेव्हा पेट्रोलच्या चिठ्ठीवर सही घ्यायला दारात उभी होती. घरी जाताना दोन चौक गेल्यावर म्हणाली, "आराम म्हणे. बत्तीस वर्षं आरामच केला मी. खुर्चीच्या वेताचे वण पडलेत अंगावर." मग आणखी एक चौक गेल्यावर, जरा हळू आवाजात, "तुम्हाला येईल ना हो दुरुस्त करता?"

"येईल की," मी म्हणालो.

हे मी का म्हणालो याचा मी पुढे तीन आठवडे विचार करत होतो. नाही म्हणायची भीती वाटली, एवढंच कारण सापडलं.

त्याच संध्याकाळी मी ते दुरुस्तीचं पुस्तक काढलं. हिरव्या कापडाची भक्कम बांधणी, पाठीवर क्रमांक ६२९.२. इथे एक गोष्ट अभिमानाने सांगायला हवी. आमच्याकडे खिळखिळं झालेलं पुस्तक टाकत नाहीत, बायंडरकडे देतात. आणि बांधून आलेलं पुस्तक ग्रंथपाल पान न पान मोजून घेतो, आतल्या चिठ्ठीवर "पाने तपासली" असं लिहितो आणि सही करतो. मी आयुष्यात घर बांधलं नाही, भाषण केलं नाही, कुणाला मोठ्याने रागावलो नाही. पण त्या चिठ्ठ्या सुमारे नऊ हजार असतील आणि प्रत्येकीवर माझी सही आहे.

पान एकशे बारावर मला हवं ते मिळालं. "गरम इंजिन सुरू न होणे. इंजिन बंद करावे. पेट्रोलच्या दाबाचे नियंत्रण करणाऱ्या रेग्युलेटरवरील बारीक रबरी नळी हलक्या हाताने काढावी व" असा मजकूर होता आणि तिथे पान संपत होतं. समोरच्या पानावर होतं, "साबणाच्या कोमट पाण्याने आतून धुवावी. सावलीत वाळवून पूर्ववत बसवावी. असे नियमित केल्यास प्रवाहात अडथळा येत नाही." त्याखाली लगेच वायपरची माहिती सुरू होत होती. तांत्रिक पुस्तकं विषय झटकन बदलतात, हे मला माहीत होतं.

मी नळी काढली. वीतभर लांब, करंगळीपेक्षा बारीक. ती काढताना मी इतक्या वेळा मागे वळून पाहिलं, की कुणी पाहिलं असतं तर मी ती चोरतो आहे असं वाटलं असतं. हिचा रेशमी कपड्यांसाठी ठेवलेला सुवासिक साबण घेतला, कोमट पाणी केलं आणि नळी आतून-बाहेरून धुतली. ती सावलीत वाळत पडलेली असताना मला आयुष्यात प्रथमच आपण कामाचे आहोत असं वाटलं. दुसऱ्या दिवशी गाडी पहिल्याच थांब्यावर अडली. मी समजलो, धुणं कमी पडलं. आठवड्यातून एकदा धुवायचं ठरवलं होतं, ती मी एक दिवसाआड धुऊ लागलो.

दरम्यान आम्ही एक सोपा उपाय शोधला. गाडी बंदच करायची नाही. अर्धा तास इंजिन धडधडत ठेवून पुस्तकं द्यायची. वाचक ओरडून पुस्तकं मागायचे, मी ओरडून नाही म्हणायचो, आणि मला ओरडता येत नसल्यामुळे हळूहळू सगळ्यांना सगळं मिळायला लागलं. आमच्या हिला कसलीच भीती नाही. ती म्हणायची, "चालू ठेवायची. हाय काय आणि नाय काय." मी मात्र किल्लीकडे बघत बसायचो, ताटातल्या घासाकडे मांजर बघतं तसा. पण मांजराला घास हवा असतो. मला ती किल्ली तिथून हलू नये एवढंच हवं होतं.

आणि मग पेट्रोल संपत आलं.

पेट्रोलपंपावरचा माणूस म्हणाला, "इंजिन बंद करा."

ही म्हणाली, "चालू राहिलं तर?"

"नियम आहे, ताई. सगळेच उडू."

मला ते पटलं. मला उडून जाणं ताबडतोब पटतं. इंजिन बंद झालं. पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्या वेळी तिथे असलेले लोक अजून रस्त्यात भेटतात. टाकी भरेपर्यंत बारा मिनिटं लागली, कारण आमच्या पुढच्याचा पावतीवरून वाद चालला होता. मग सेल्फ मारला. मग पुन्हा मारला. मागे रांग लागली, रांगेमागे भोंगे लागले, आणि शेवटी अकराशे पुस्तकांसह तो ट्रक चौदा अनोळखी माणसांनी ढकलून पंपाबाहेर काढला. मीही ढकलत होतो. निदान हात लावून होतो. त्या चौदांपैकी एकाने मला विचारलं, "काका, तुम्ही यात बसता कशाला?" मी म्हणालो, "मी तांत्रिक उपसमिती आहे." त्याने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी अजून विसरलेलो नाही.

ही बातमी आमच्या इमारतीत आमच्याआधी पोचली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर जिन्यातच भेटले. त्यांना गाड्यांतलं कळतं, कारण त्यांच्या हाताखाली एके काळी टपालाच्या सहा गाड्या होत्या.

"वाफ होते," ते म्हणाले. "नळीतल्या पेट्रोलची उष्णतेने वाफ होते आणि इंजिन उपाशी राहतं. कपड्यांचे चिमटे लावा नळीला. लाकडी. उष्णता ओढून घेतात."

"किती?"

"जितके असतील तितके."

मी दोरीवरचे सगळे, म्हणजे सव्वीस चिमटे काढले. कपडे मात्र दोरीवरच होते, हे माझ्या लक्षात राहिलं नाही. त्या दुपारी वारा सुटला. माझे दोन पायजमे समोरच्या होमिओपॅथी डॉक्टरांच्या दवाखान्यात शिरले आणि एक चादर त्यांच्या रुग्णावर पडली. ट्रक मात्र चिमट्यांनी अंग फुलवून साळिंदरासारखा उभा राहिला आणि नेहमीप्रमाणे सुरू झाला नाही.

पायजमे आणायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी मला बसवून घेतलं. ते गंभीर गृहस्थ आहेत. "लक्षणं सांगा," म्हणाले. मी सांगितली. त्यांनी डोळे मिटले. "थंडीत बरं वाटतं. उष्णतेने वाढतं. विश्रांतीनंतर जास्त. हे औषधाचं चित्र इतकं स्पष्ट आहे की मला ट्रकचा हेवा वाटतो. तुम्ही हा तक्ता भरा."

तो त्यांचा छापील तक्ता होता, चार पानी. मला कुणी तक्ता दिला की तो भरल्याशिवाय झोप येत नाही. मी तीन दिवस शेवटच्या थांब्यावर ट्रक मुद्दाम बंद करायला लावून, त्याचं निरीक्षण करून तो प्रामाणिकपणे भरला. तहान: भरपूर. स्वभाव: हट्टी, पण मनात डूख धरत नाही. एकटेपणा आवडतो का: नाही. शरीराला वास येतो का, आणि केव्हा: सुरू होत नाही तेव्हा पेट्रोलचा उग्र वास, शेवटी सुरू झाल्यावर काळा धूर आणि तोच वास. डॉक्टरांनी सगळं वाचलं आणि खेदाने म्हणाले, "औषध आहे. पण गोळ्या कुठे ठेवायच्या?" मी तक्ता परत आणून गाडीच्या कप्प्यात टाकला.

मग मी ठरवलं की इंजिनाची उष्णता मोजणारा सेन्सर बदलावा. त्यासाठी नियमानुसार उपसमितीकडे लेखी अर्ज करावा लागतो. मी स्वतःकडे अर्ज केला. तो वाचल्यावर मला त्यात पुरेसं कारण दिसलं नाही, म्हणून मी स्वतःकडून खुलासा मागवला. खुलासा समाधानकारक वाटेना. अर्ज प्रलंबित ठेवला. हे हसण्यावारी नेऊ नका. मी खरोखरच घाबरलो होतो. चुकीचा सुटा भाग बसवला आणि त्याने आणखी काही बिघडलं, तर ट्रक जाईल आणि ही पुन्हा खुर्चीत बसेल, हे मला रोज दिसत होतं. ती पहाटे उठून काच पुसायची. आरसा नीट करायची. त्या आरशात स्वतःकडे बघून टेलिफोनवरच्या जुन्या आवाजात म्हणायची, "नंबर, प्लीज." मग गाडी काढायची. गेल्या पाच वर्षांत तिची पाठ दुखल्याचं मी ऐकलेलं नाही.

पासिंगच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "अहो, उद्या सकाळी मी मेकॅनिकला बोलावलंय."

"कशाला? मी बघतोय ना."

"तुम्ही बघताय. त्याला जरा हात लावू दे."

मी सकाळी सहाला उठलो. माणूस येणार म्हणून आपण घर आवरतो ना, तशी मी ती नळी पुन्हा एकदा काढून साबणाने स्वच्छ धुतली. या वेळी जरा जास्तच साबण घेतला.

मेकॅनिक सातला आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने बॉनेट उघडलं आणि इंजिन सुरू करण्याआधी पहिल्यांदा नेमकी तीच नळी काढून नाकाला लावली. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा नाकाला लावली.

"काका, रेग्युलेटर आतून फाटला असेल तर या नळीत पेट्रोल येतं. मला आधी तोच संशय होता." "पण याला तर फुलांचा वास येतोय."

मी गप्प राहिलो. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या भित्र्या क्षणांची स्पर्धा लावली, तर तो पहिला येईल. मला सांगता आलं असतं.

"म्हणजे रेग्युलेटर ठीक," तो म्हणाला आणि दुसरीकडे वळला. सव्वा तास तो वायरी तपासत होता. सेन्सर काढला, मोजला, ठीक निघाला. पंप तपासला, ठीक निघाला. साडेअकराला पासिंग. ही कागद शोधायला आणि घरचं उरकायला आत गेली होती. मी बाजूला उभा होतो आणि तो सव्वा तास माझ्या साबणामुळे चालला आहे हे मला हळूहळू कळत होतं.

साडेआठच्या सुमाराला त्याने रुमाल शोधायला गाडीतला कप्पा उघडला आणि डॉक्टरांचा तक्ता बाहेर आला. तो वाचत उभा राहिला. दुसऱ्या पानावर थांबला.

"हे कोणी लिहिलंय?"

"मी."

"सुरू होत नाही तेव्हा पेट्रोलचा वास. काळा धूर. काका, हे आधी सांगायचं ना. पेट्रोल कमी नाही पडत, जास्त होतंय. ओव्हर होतंय." त्याने नळी पुन्हा हातात घेतली. "मग ही कोरडी कशी?"

"मी धुतली," मी म्हणालो.

"कधी?"

"आज सहाला. तुम्ही येणार म्हणून. आणि परवा. आणि तीन आठवडे, एक दिवसाआड."

त्याने हात पुसले. मला माहीत होतं तो काय विचारणार. पण त्याने ते विचारलं नाही. "कुणी सांगितलं धुवायला?" एवढंच म्हणाला.

"पुस्तकात आहे." आता मी जरा ताठ झालो. पुस्तकाचा आधार असला की मी ताठ होतो. मी पान एकशे बारा उघडून त्याच्या पुढे धरलं. त्याने ते सावकाश वाचलं, समोरचं पानही वाचलं. मग त्याचा काळा अंगठा पानाच्या खालच्या कोपऱ्यावर गेला.

"काका, एकशे बारानंतर एकशे तेरा येतं ना?"

"अर्थात."

"इथे एकशे एकोणतीस आहे."

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. एकशे एकोणतीसच होतं. ते काचेवर पाणी मारणाऱ्या नळीचं पान होतं. सोळा पानांची एक घडी बायंडरने भलतीकडे शिवली होती. आम्ही शोधली. दोनशे छप्पन्ननंतर सापडली. पान एकशे तेराचा पहिलाच शब्द होता, "हुंगावी." आणि पुढे, "पेट्रोलचा वास अथवा ओल आढळल्यास रेग्युलेटर त्वरित बदलावा."

म्हणजे जो पुरावा हुंगायचा, तो मी तीन आठवडे धूत होतो.

मेकॅनिकने सहज म्हणून पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. तिथे चिठ्ठी होती. "पाने तपासली," त्याने वाचलं. "हा कोण?"

"एक जुने ग्रंथपाल," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

"चष्मा लागला असेल बिचाऱ्याला," तो म्हणाला आणि रेग्युलेटर आणायला दुकानात गेला. त्याच्याकडे तसाच एक होता. पावणेअकराला तो बसवून झाला. तेवढ्यात ही कागद घेऊन, केस नीट करून आली.

"काय निघालं?"

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. "रेग्युलेटर," तो म्हणाला. बाकी काही बोलला नाही. त्या माणसाचा मी जन्मभर ऋणी राहीन. "पण काकू, खरं तर तापवून, बंद करून, वीस मिनिटांनी सुरू करून बघायला हवी. आता वेळ नाही. अडलीच तर फुल रेस दाबून ठेवायची आणि सेल्फ मारायचा. पाय वरखाली करायचा नाही. दाबला की दाबला."

पासिंगच्या आवारात पोचलो तेव्हा इंजिन चांगलं तापलं होतं. तपासनीस चाळिशीचा, दमलेला, हातात लाकडी पाटीवर लावलेला फॉर्म. त्याचे पहिलेच शब्द होते, "बंद करा."

हिने किल्ली फिरवली. शांतता झाली. मी घड्याळ पाहिलं.

त्याने दिवे पाहिले, भोंगा पाहिला, टायर पाहिले. गाडीखाली वाकून नंबरावर कागद धरला आणि पेन्सिल घासली. मग कुणीतरी त्याला चहा आणून दिला. तो चहा त्याने ज्या सावकाशीने प्यायला, त्या सावकाशीने मी कादंबऱ्या वाचतो. सव्वीस मिनिटं झाली. सर्वांत वाईट वेळ. ही स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून सरळ समोर बघत होती. इतक्या वर्षांत मी तिला प्रथमच घाबरलेली पाहत होतो आणि ते मला माझ्या स्वतःच्या भीतीपेक्षाही असह्य होत होतं.

तपासनीस माझ्या खिडकीशी येऊन फॉर्म भरू लागला. एकेका ओळीपुढे खूण करत गेला. शेवटची ओळ मला वरून वाचता येत होती. "इंजिन सुरू करून तपासले."

"आलात तेव्हा चालूच होती," तो स्वतःशीच म्हणाला आणि खूण केली. पेन सहीच्या जागी नेलं.

आम्ही सुटलो होतो. हिने इतक्या हळू श्वास सोडला की फक्त मला ऐकू आला.

आणि मला ते पेन ओळखीचं वाटलं. म्हणजे पेन नव्हे, त्याची ती लगबग. एकोणीस वर्षांपूर्वीची ती दुपार मला अचानक आठवली. बायंडरकडून एकदम बावीस पुस्तकं आली होती. एकवीस मोजून झाली होती. हिरवं पुस्तक हातात होतं, आणि कुणीतरी लांबून हाक मारली होती, "जरा इकडे या." मी घाबरून पुस्तकाची पानं अंगठ्याने एकदा फरकन सोडली, "पाने तपासली" लिहिलं, सही केली आणि धावलो.

"साहेब," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "सुरू करून बघा."

हिची मान माझ्याकडे वळली. त्या नजरेचं वर्णन मी करत नाही.

तपासनिसाने पेन उचललं. "का? काही प्रॉब्लेम आहे का?"

"तीन आठवडे होता. आज दुरुस्त केलाय. पण कुणी तपासलेला नाही."

असं बोलणारा माणूस त्याला त्या आवारात बहुधा भेटला नसावा. "ठीक आहे," तो वैतागून म्हणाला. "तुम्हीच करा सुरू, आजोबा."

मी म्हणालो, मला येत नाही. ही म्हणाली, "घ्या." आणि खाली उतरून उभी राहिली.

मी सरकून तिच्या सीटवर बसलो. गिअर मोकळा आहे हे तिने खिडकीतून हात घालून बघितलं. मी पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला. मेकॅनिकचं वाक्य मला पाठ होतं. अडलीच तर, असं तो म्हणाला होता. पण अडेपर्यंत वाट बघायची माझ्यात ताकद नव्हती. मी आयुष्यात कुठलीच गोष्ट पूर्ण दाबलेली नाही. दारावरची बेलसुद्धा मी अर्धी दाबतो. तो पाय मी जमिनीपर्यंत दाबला, डोळे मिटले आणि किल्ली फिरवली.

इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं आणि असं गरजलं, की आवारातल्या सगळ्या माना वळल्या. रेग्युलेटर चांगला असल्यावर फुल रेस द्यायची गरज नसते, हे मला नंतर कळलं. मागे फळ्यांवरून पुस्तकं धबाधब कोसळली. तपासनिसाचा फॉर्म उडून गाडीखाली गेला.

"पाय काढा," ही ओरडत होती. "अहो, पाय काढा आता."

काढला. गाडी गुपचूप, शहाण्यासारखी चालू राहिली. तपासनीस वाकून फॉर्म घेऊन आला, त्याने तो झटकला आणि सही केली. "इंजिन तपासलं," म्हणाला. "कानही तपासून झाले."

मी माझ्या सीटवर परतलो आणि ही स्टिअरिंगवर बसली. फाटकाच्या आत एका झाडाखाली तिने गाडी उभी केली.

"पेन टेकलं होतं हो कागदावर," ती म्हणाली. "काय सुचलं तुम्हाला? गेली असती गाडी."

मी ते हिरवं पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं आणि चिठ्ठी दाखवली. माझी सही ती एकेचाळीस वर्षं ओळखते. मग पान एकशे बारा काढलं, आणि पुढचं. तिने बोट ठेवून वाचलं.

"आणि एकशे तेरावर काय आहे?"

"हुंगावी."

"म्हणजे तुम्ही तीन आठवडे..."

"हो."

"तरीच माझा साबण संपला."

मी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिलो. मोठं काहीतरी येणार, याची मला खात्री होती. तिने हात पुढे केला आणि इंजिन बंद केलं.

"अगं, हे काय?"

"एकदा सुरू झाली म्हणजे झाली असं थोडंच आहे? वीस मिनिटं बसू." तिने पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "तोवर तुम्ही पानं मोजा. मोठ्याने. मी ऐकते."

झाडाखाली बंद गाडीत बसून मी पानं मोजायला लागलो. ती डोळे मिटून ऐकत होती, बत्तीस वर्षं लोकांचं ऐकलं तसं. एकशे बाराला मी अडखळलो, ती म्हणाली, "जे आहे ते वाचा." मी एकशे एकोणतीस म्हणालो आणि पुढे गेलो. फाटकातून गाड्या ये-जा करत होत्या. वीस मिनिटं होऊन गेली होती.

"दोनशे छप्पन्न," मी म्हणालो आणि समोरच्या पानावर बोट ठेवलं. "एकशे तेरा."

तिने डोळे उघडले आणि किल्लीकडे हात नेला. माझ्या पोटात खड्डा पडला.

इंजिन अर्ध्या फेऱ्यात सुरू झालं.

"थांबू नका," ती आरसा नीट करत म्हणाली. "पुढे मोजा."